तांब्याच्या हंड्यातलं पाणी

मार्गशीर्षातलं ऊन. केशराच्या काडीसारखं कृश, हळद लागलेल्या हातासारखं हळवं. मिरजेतल्या त्या घराच्या पश्चिम-खिडकीतून ते दुपारी उतरे, फरशीवर क्षणभर टेके, आणि सासू-सुनेमधल्या एकोणीस वर्षं साचलेल्या अंतराला वळसा घालून निघून जाई.

त्या उन्हात शालननं काचेची टाकी ठेवली. नितळ, निष्पाप, रिकामी.

शालनच्या हातात जीव टिकत नाही, हे तिच्या सासूचं, द्वारकाबाईंचं वाक्य. सुनेपेक्षा जास्त मानानं ते घरात नांदत होतं. तुळस वाळली तेव्हा ते बोललं गेलं. पोपट पिंजऱ्यात निपचित पडला तेव्हा बोललं गेलं. सातव्या महिन्यात एक नाव बारशाआधीच पुसलं गेलं, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवरसुद्धा बोललं गेलं.

म्हणून हा मासा. बोटाएवढाच, पण त्याच्याकडे बोट दाखवून म्हणता आलं असतं, बघा, जगला.

"लढवय्या आहे, वहिनी," माशांच्या दुकानातले मुजावरभाई म्हणाले होते. "एका काचेत एकच ठेवायचा. दुसरा दिसला की फाडून काढतो. आणि नळाचं पाणी थेट घालू नका. रात्रभर उघडं ठेवा, त्यातलं औषध उडून जाऊ दे."

शालननं वाळू सात पाण्यांनी धुतली, नैवेद्याचे तांदूळ धुवावेत तशी. हिरवं कोवळं रोप रोवलं. पाणी भरून ठेवायला बादली उचलली, आणि मागून आवाज आला.

"प्लास्टिकात कसलं ठेवतेस? माझा हंडा घे."

हंडा! द्वारकाबाईंच्या माहेराहून आलेला, चिंचेनं घासून घासून मावळतीच्या सूर्यासारखा झालेला, सुनेचा हात ज्याला कधी लागू दिला नाही तो तांब्याचा हंडा.

"तांबं पाणी शुद्ध करतं," म्हातारी भिंतीकडे बघत म्हणाली. "मुक्या जिवाला चांगलं."

शालननं हंडा दोन्ही हातांनी उचलला. एकोणीस वर्षांत त्या घरानं तिला दिलेली ती पहिली वस्तू होती.

आणि मासा आला. कुंकवाच्या रंगाचा, रेशमाच्या अंगाचा, शेपटीचा पदर पाण्यावर पसरत आला. उन्हं कलली की काचेत त्याला आपलंच रूप दिसे. मग तो कल्ले फुलवी, पंख ताठ करी, आणि नसलेल्या शत्रूवर तुटून पडे.

ते पाहून द्वारकाबाई हसल्या. खुदकन, पोरीसारख्या.

"अगदी माझ्यासारखा ग हा. समोर कुणी नसलं तरी भांडतो."

"समोर मी असते की, आई," शालन म्हणाली, आणि दोघी हसल्या. दोघी! ते ऊनसुद्धा थबकलं असेल.

मग रोज पहाटे म्हातारी कंबर धरत उठे. माशाचं तांब्याभर पाणी काढी, हंड्यातलं तांब्याभर घाली. "बदललं ग पाणी," असं स्वयंपाकघरात येऊन सांगे, पूजा आटोपल्याच्या स्वरात. शालन चहा पुढे करी. किती साधं होतं सगळं. किती उशिरा आलेलं.

आठव्या दिवशी पदर मिटला. नवव्या दिवशी कुंकू विटलं. दहाव्या दिवशी तो वर येऊन हवा मागू लागला, आणि म्हातारीनं काळजीनं एकाऐवजी दोन तांबे पाणी बदललं. अकराव्या दिवशी तो कुशीवर तरंगत होता, एक डोळा आभाळाकडे, एक तळाकडे.

शालन धावत दुकानात गेली.

"पाणी कशात ठेवत होता?" मुजावरभाईंनी विचारलं. उत्तर ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो वहिनी, तांबं म्हणजे माशाला विष. पाण्यात उतरतं, कल्ले जाळतं. हळूहळू मारतं."

परतताना तिची पावलं जड नव्हती. हेच भयंकर होतं. ती हलकी होती, धारदार होती. एकोणीस वर्षांनी तिच्या हातात काहीतरी आलं होतं.

द्वारकाबाई टाकीजवळ बसल्या होत्या. डोळे ओले. तिला पाहताच त्यांनी तिचा हात हातात घेतला, तोच, जीव न टिकणारा.

"तुझा दोष नाही हो, पोरी," त्या पुटपुटल्या. "त्याचं आयुष्यच तेवढं. मी फार बोलले तुला. तुझ्या हाताला कधीच काही झालं नव्हतं."

हेच तर हवं होतं. हेच, एवढंच, एकोणीस वर्षं. शालननं ते ऐकलं, नीट ऐकलं, आणि हात सोडवून घेतला.

"तुमच्या तांब्यानं मेला, आई. तांबं विष असतं त्याला. रोज पहाटे तुम्हीच ओतत होता." आणि मग, मऊ, स्वच्छ आवाजात, "हात तुमचा होता."

म्हातारीनं तळहात उलटा केला, सुलटा केला. त्यावर काही सांडलंय का, असं पाहत राहिली.

त्यानंतर ते वाक्य घरात कधी बोललं गेलं नाही. दुसरंही कुठलं नाही. द्वारकाबाई आता स्टीलच्या पेल्यातून पाणी पितात, तेही कुणी दिलं तर.

हंडा मात्र शालन दर शनिवारी घासते. चिंचेनं, निगुतीनं, लखलखेपर्यंत. आणि टाकीसमोरच्या फळीवर मांडते.

दुपारी ऊन उतरतं. तांबं पेटतं, टाकीच्या काचेत उतरतं. रिकाम्या, नितळ, निश्चल पाण्यात एक लाल पदर उलगडतो, हलतो, कल्ले फुलवतो. आणि म्हातारी भिंतीकडे तोंड करते, ऊन सरेपर्यंत, लाली विझेपर्यंत, पाणी पुन्हा नुसतं पाणी होईपर्यंत.