मोटारसायकलचा उसासा

आमच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत होते, आणि मधोमध उभी होती महिन्यापूर्वी वारलेल्या माझ्या दादाची मोटारसायकल. ती चक्क उसासे टाकत होती.

"बाळा, आत आहेस का?" मठातून आलेल्या फुंकरबाबांनी टाकीवर हात ठेवून विचारलं. सीटवरच्या शिष्याने सावकाश किक दाबली. इंजिनातून आवाज आला, "फुस्स..."

"सुटायचंय का?"

"फुस्स..."

"तुझ्या बायकोने ही गाडी चालवलेली चालेल?"

पुन्हा किक. या वेळी चिडीचूप.

"बघा! लोखंडात जीव गुंतलाय! आत कोंडून घुसमटतोय बिचारा! गाडी मठात द्या, मी त्याला मोकळा करतो."

'घुसमटतोय' ऐकताच पायरीवर बसलेल्या आईला हुंदका फुटला. "देऊन टाक गं गाडी," ती वहिनीला म्हणाली. वहिनी नर्स. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांकडे ती याच गाडीवरून जायची. दादा गेल्यापासून गाडी नुसती फुसफुसायची, सुरू होत नव्हती, म्हणून ती पायपीट करत होती. आता गाडीच गेली तर निम्मे रुग्णही हातचे जाणार होते.

आता माझी ओळख करून देतो. मी विज्ञाननिष्ठेवर व्याख्यानं देतो. गर्दी दिसली की मला चेव चढतो. पुढे सरसावून म्हणालो, "मित्रहो, उष्णतेमुळे धातू प्रसरण पावतो, त्याचा हा आवाज!"

"भाऊजी," वहिनी हळूच म्हणाली, "इंजीन महिनाभर थंड आहे."

मग मी कंपनांवर घसरलो, तिथून वातावरणाच्या दाबावर. लोक बाबांकडे आणखी सरकले. बाबांचं बोलणं निदान कळत तरी होतं!

वहिनी घरात जाऊन वाटीत साबणाचा फेस घेऊन आली. नवा गॅस सिलिंडर जोडला की गळती बघायला ती हेच करते. तिने स्पार्क प्लगच्या बुडाशी फेस लावला आणि शिष्याला म्हणाली, "दाब किक."

फुस्स! प्लगशेजारी भलामोठा बुडबुडा फुगला आणि फुटला.

"प्लग नीट बसलेला नाही. आत दाबली गेलेली हवा इथून निसटतेय."

"मग मघाशी गप्प कसा बसला?" शेजारच्या शिंप्याने विचारलं.

"याने क्लच दाबला म्हणून." वहिनीने शिष्याच्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं. "या गाडीचा क्लच दाबला की किक नुसतीच खाली जाते, इंजीन फिरत नाही."

शिष्याला उतरवून शिंपी स्वतः बसला. क्लच सोडून किक मारली, फुस्स. क्लच दाबून मारली, गप्प. लोक हसायला लागले. बाबा चपला शोधू लागले. इतकी वर्षं मीही मोटारसायकल चालवतो, आणि क्लचवरचा तो हात माझ्या नाकासमोर होता.

वहिनीने प्लग काढला. त्याचा वॉशर चिरून गेला होता. तिने जागा स्वच्छ पुसली, शिंप्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेला नवा वॉशर घातला आणि प्लग आधी हाताने फिरवून बसवला. शेवटचं आवळायला पाना मोठ्या मनाने माझ्याकडे दिला. मी अंगातली सगळी विज्ञाननिष्ठा पणाला लावली.

"बास, भाऊजी! आटे गेले तर गाडी खरंच मरेल!"

पुन्हा फेस लावला. एकही बुडबुडा आला नाही. दोन किकांत गाडी सुरू झाली.

आई उठून जवळ आली. "म्हणजे तो आत कोंडलेला नव्हता?"

"नाही गं, आई," मी म्हणालो.

"घुसमटत नव्हता ना?"

"कधीच नाही."

"मग बरं," म्हणत तिने डोळे पुसले.

दादा गेल्याचं दुःख आमच्या वाट्याला आलंच होतं. त्यावर त्याच्या घुसमटीचं खोटं दुःख एका आईच्या गळ्यात मारलं गेलं, याचा मला अजून संताप येतो. म्हणून हात जोडून सांगतो, कुणाचंही ऐकून मान डोलावू नका. बाबांचं तर नाहीच, माझ्यासारख्या शहाण्याचंही नाही. आधी तपासून बघा.