क्लेम पॅस्कोने उतरवलेले गुण

मित्रांनो, मी एक जुना गुणफलक आहे. पोर्ट ट्रेवेन गावाच्या मैदानाच्या टोकाला, गव्हाच्या शेतांकडे पाठ करून मी उभा आहे. तांब्याची खाण बंद पडली तेव्हा तिथले पत्रे आणून खाणकामगारांनीच मला घडवले आणि आकड्यांच्या पाट्या अडकवायला माझ्या छातीवर खिळे ठोकले.

मला एका गोष्टीचे फार कुतूहल होते. कप्तान नेमके करतो तरी काय? आमच्या इथल्या फुटबॉलमध्ये संघातले अठराही जण त्या लांबट चेंडूमागे धावतात, एकमेकांच्या खांद्यावर चढून तो झेलतात, लाथेने गोल मारतात. कप्तानही तेच करतो. मग त्यालाच का कप्तान म्हणायचे?

क्लेम पॅस्को मिसरूड फुटायच्या वयात संघात आला आणि पुढे कप्तान झाला. त्याने खूप सामने जिंकले, पण अंतिम सामना एकदाही नाही. गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा यंदाचे वर्ष शेवटचे, असे त्याने सांगून टाकले. आकडे लावायला त्याची थेल्मा आत्या माझ्याजवळ बसे, मांडीवर गरम पेस्टी, म्हणजे मांस-बटाट्याची मोठी करंजी, घेऊन.

"गाढवा, या खेपेला हरलास तर माझ्या घरी जेवायला येऊ नकोस!" ती तिथून ओरडे.

त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात आमचा संघ बराच पुढे होता. चारपैकी तिसऱ्या डावात क्लेमच्या धाकट्या भावाचे, जोरीचे, नाक फुटले. तो बाहेर गेला आणि राखीव खेळाडू आत आला. बाहेर गेलेल्याने परत यायचे नाही, असा नियम. पण जोरी तोंड धुऊन, कडेला उभ्या मोटारींमागून हळूच आत घुसला आणि त्याने गोलही मारला! पंचांना कळले नाही. क्लेमला कळले.

तो थेट विरोधी कप्तानाकडे, हेडली रोचकडे गेला, कारण खेळाडूंची मोजणी फक्त विरोधी कप्तानच मागू शकतो. दोघे माझ्यासमोरच उभे होते.

"हेडली, आमची माणसं मोजायला सांग पंचांना."

"वा रे वा! मोजणी बरोबर निघाली की शिक्षा आम्हालाच. मला दूधखुळा समजलास?"

"एकोणीस आहेत. आमचा जोरी परत आलाय."

हेडलीने आवाज खाली आणला. "मग हाकल की त्याला गुपचूप!"

"त्यानं गोल मारलाय रे."

हेडलीने हात वर केला. पंचांनी खेळाडू रांगेत उभे करून मोजले, तर एकोणीस भरले. जास्तीचा माणूस सापडला की संघाचे तोवरचे सगळे गुण रद्द. आमच्या प्रत्येक गोलाला वाजणारे मोटारींचे भोंगे एकदम थांबले.

"मी नाही काढणार आकडे!" आत्या कडाडली. "पंचालाच चढू दे शिडीवर!"

"आत्या, तू फक्त शिडी धर," क्लेम म्हणाला. वर चढून त्याने स्वतःच्या हाताने आमच्या संघाच्या पाट्या उतरवल्या आणि शून्य टांगले.

खाली जोरी रडत होता. "दादा, मी घात केला रे..."

"तू बाहेर बस आणि जोरात ओरड. अजून एक डाव बाकी आहे."

त्या डावात आमचा संघ जसा धावला, तसा पुन्हा कधी धावला नाही. आत्याचे हात पाट्या बदलून दुखले. तरीही सामना संपल्याचा भोंगा झाला तेव्हा आम्ही मागेच होतो. क्लेमची कारकीर्द तिथेच संपली. गावच्या दुकानात काहीजण पुढे कित्येक महिने त्याच्याशी बोलले नाहीत. माझे कुतूहल मात्र कायमचे फिटले.

आता पलीकडे दिव्यांचा नवा फलक आला आहे. माझ्या पत्र्यांवर गंज आहे, आत गुलाबी काकाकुव्यांची घरटी आहेत. मित्रांनो, जमले तर मला रंग द्या, सैल खिळे घट्ट करा. आणि माझ्यावर आकडा टांगाल, तो खरा टांगा. खोटा आकडा उतरवायला शिडी चढणारा कप्तान दर वेळी मिळेलच असे नाही.