‘सेट’चे चारशे बारा खोके

गेल्या वैशाखात भिवंडीजवळच्या दापोड्याच्या एका गोदामात इंग्रजी भाषेतील ‘सेट’ या शब्दाचे सर्व अर्थ येऊन उतरले. समुद्रापलीकडच्या एका कोशमंडळाकडे ते ठेवण्यास जागा उरली नव्हती. आणि ज्याला जगात कोठे जागा नाही त्याला भिवंडीत ती मिळते, हे तिकडेही ठाऊक झालेले असावे. एका खोक्यात एक अर्थ, असे चारशे बारा खोके होते.

प्रतवारीसाठी संस्कृतचा जुना शिक्षक म्हणून मला पाचारण झाले. या शब्दाची कुळे दोन आहेत. ‘ठेवणे, बसवणे’ हा वंश आपल्या ‘सद्’ धातूचा भाऊबंद. ज्या धातूपासून सदन झाले, उपनिषद झाले. ‘संच, जथा’ हा दुसरा वंश लॅटिनातील ‘अनुसरणे’ या क्रियेतून निघून फ्रेंचांच्या घरी राहून आलेला. त्याचे नाते ‘सच्’शी, ज्यातून सचिव झाला. म्हणून बसणारे अर्थ भिंतीलगत ठेवविले आणि सोबत चालणारे दाराशी. इतक्या दूर वाढलेल्या शब्दाच्या अंगी आपल्या आजोळची खूण पाहून मी त्या खोक्यांना आधी नमस्कार केला.

पथ्य एकच होते: खोका उघडायचा नाही. उघडला की त्यातला अर्थ आसपासच्या सर्वांना लागू होई. ‘विरजण लागून घट्ट होणे’ हा खोका कोपऱ्यात जरासा फाटला, तर चौदा जणांचा चहा पेल्यातच थिजला. तो सुरीने कापून खावा लागला. ‘सूर्य मावळणे’ हा खोका ओलसर झाला त्या दिवशी भर बाराला गोदामात दिवे लावावे लागले.

हे सारे सांभाळणारा सुपरवायझर मिलिंद. तीन वर्षे कंत्राटावर, जेवणही उभ्यानेच. गोदामाच्या कंपनीने त्याला लेखी कळविले होते: शनिवारच्या मोजणीत खोके पुरे भरले तर नोकरी कायम, एकही कमी भरला तर कंत्राट त्याच दिवशी समाप्त.

शनिवारी सकाळी त्याने खोके मोजले. चारशे अकरा भरले. पुन्हा मोजले. तेवढेच. नव्हता तो क्रमांक एकचा, ‘बसवणे’ हा मूळ अर्थ.

सोमी ही हमालांच्या टोळीची मुकादम. डोंगरपाड्यावरून रोज बारा माणसे घेऊन येणारी. मिलिंदने तिला गाठले.

“सोमीमावशी, पहिला खोका कुठाय?”

“वाघोबाला दिला.”

“कोणाला?”

“अरं, तूच बोललास ना, नवा माल आलाय? नव्याचं पयलं माप देवाचं. त्याला दिल्याबिगर भात तरी घरात नेतो का आमी? न्हाय.”

“मावशी, हा भात नाय, डिक्शनरी आहे!”

“मंग डिक्शनरीला देव नसतो का?”

मिलिंदने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “ग्रंथारंभी पहिला श्लोक देवतेला देण्याची रीत आमचीही आहे.”

“गुरुजी, तुम्ही पण?” तो कळवळून म्हणाला. “मावशी, आणून दे ना. माझी नोकरी जाईल.”

“दिलेला आमी परत न्हाय घेत. तू घे. तू कुठं मानतोस त्याला?”

गोदामाच्या मागे, दोन गावांच्या शिवेवर वाघोबाचा पाषाण आहे. ट्रकांच्या हादऱ्यांनी तो वर्षानुवर्षे कललेला. तीनदा टेकू दिले, तरी सरळ राहीना. आम्ही गेलो तर तो ताठ बसलेला. पायाशी खोका, कोंबड्यांनी टोचून उघडलेला. भोवती एक गाय, दोन कुत्री आणि गुरुवारी बेपत्ता झालेला टेम्पोवाला सागर, सारे मांडी घातल्यासारखे निवांत.

“सागर, ऊठ!”

“कशाला?” सागरने विचारले. त्याला खरोखरच कारण सुचत नव्हते.

मिलिंद खोका उचलायला वाकला आणि तेथेच बसला. मीही बसलो. सोमी तर आधीच बसली होती.

चार वाजता कंपनीच्या प्राजक्ता मॅडम आम्हांला शोधत आल्या, रागावण्यासाठी तोंड उघडले आणि बसल्या.

सारे ऐकून त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवला. “हे बघ मिलिंद, फॉर्मवर कारणं तीनच आहेत. भिजला, चोरीला गेला, उंदरांनी खाल्ला. उंदरांनी खाल्लेल्याला माफी आहे. उंदीर लिही, तुझी ऑर्डर आत्ता देते. दुसरं काही लिहिलंस तर माझ्या हातात काही नाही.”

मिलिंदने पेन घेतले. सोमी ताडकन म्हणाली, “उंदीर लिवू नको हां! उंदराचं उष्टं दिलं असं वाटंल त्याला. तुझ्या नोकरीपायी देवाला बाटवतोस?”

“मावशी, तो वाचतो का फॉर्म?”

“एवढी डिक्शनरी घेऊन बसलाय, तुझं अक्षर वाचायला किती वेळ?”

मिलिंदने कागद आपल्या गुडघ्यावर घेतला. मग तिन्ही पर्याय खोडून त्याने सावकाश लिहिले: ‘पहिला खोका हमालांनी त्यांच्या रीतीप्रमाणे वाघोबास दिला. तो समोर आहे. परत घेतलेला नाही.’ खाली सही केली.

मॅडमनी ते फोनवरून साहेबांना वाचून दाखविले.

“साहेब विचारतायत, पावती आहे का?”

“देव पावला,” सोमीने पाषाणाकडे बोट दाखवले, “अजून पावती कसली?”

मॅडमनी तेही सांगितले. फोन ठेवून म्हणाल्या, “या शब्दाच्या प्रती सात देशांत सात गोदामांत ठेवल्यात. सातही ठिकाणी पहिला खोका गेला. सहा ठिकाणांहून कारण ‘उंदीर’ लिहून आले. साहेब म्हणतात, सहा देशांतल्या उंदरांनी नेमका तोच कसा खाल्ला, ह्याचा विचार करून ते थकलेत. लिहून देणारा एक माणूस मिळालाय, त्याला सोडू नका म्हणाले.” आणि तिथेच, गुडघ्यावर, कायम करण्याच्या पत्रावर त्यांनी सही केली.

उठण्याचा उपाय सोमीनेच सांगितला: देवाला ‘येतो’ म्हणायचे. मॅडम म्हणाल्या, मी म्हणालो, शेवटी सागरही म्हणाला. गायीने काय म्हटले ते कळले नाही, पण तीही गेली.

मिलिंद मात्र हातात पत्र घेऊन बसून राहिला.

“मावशी, मी बसू जरा वेळ?”

“बस की,” सोमी पदर झटकत म्हणाली. “तुला कोन उठवतंय?”