हौद्यातली जागा

गाडी निवडायला येताना तुम्ही क्रेट घेऊन आलात आणि बायकोला घरी ठेवून आलात. हे कोणा एकानेच केलं असतं तर मी गप्प बसले असते. पण शोरूमच्या काचेआडून मी तुम्हा सगळ्यांना पाहिलंय. तुम्ही टायरला लाथ मारून बघता, बॉनेटवर टिचकी मारता, हौद्याची लांबी टेपने मोजता. ज्यांना त्यात बसायचं असतं ती माणसं मात्र तुमच्या मोजमापात कधीच येत नाहीत.

मी एक पिकअप बोलतेय. आठ वर्षं एकाच घरात राबले आणि आता जुन्या गाड्यांच्या आवारात उभी आहे.

शोरूममध्ये माझ्या शेजारी माझी बहीण उभी होती. इंजिन तेच, चाकं तीच. तिच्या केबिनमध्ये सीटच्या दोन रांगा होत्या, म्हणून तिचा हौदा आखूड. माझ्यात तिघांपुरती एकच रांग, म्हणून माझा हौदा लांबलचक. एवढाच काय तो फरक.

एका सकाळी टोमॅटो पिकवणारे एक गृहस्थ आले. त्यांचे वडील आणि शाळकरी लेक बरोबर होती. शेजाऱ्याच्या टेम्पोतून त्यांनी दहा रिकामे क्रेट आणले होते. ते त्यांनी आधी बहिणीच्या हौद्यात रचून पाहिले, मग माझ्या. विक्रेता बघतच राहिला.

"काका, माप कागदावर दिलेलं आहे ना."

"मला काय कागदावर टोमॅटो ठेवायचेत?"

हिशोब सरळ होता. माझ्यात सत्तर क्रेट बसत होते, बहिणीत पंचेचाळीस. दोन खेपांचं काम एका खेपेत. आजोबांनी केबिनमध्ये बसून पाहिलं, खिडकीची काच खाली-वर केली आणि जाहीर केलं, "मला ही पसंत आहे."

लेक म्हणाली, "बाबा, आपण चौघं आहोत. हिच्यात तिघंच मावतात."

"अगं, सगळे मिळून वर्षातून जातो किती वेळा? एक जण मागे बसेल."

"कोण?"

"बसेल कोणीतरी."

लेकीची आई त्या दिवशी आली नव्हती. गाईची धार होती, पाण्याची पाळी होती, घरी कोणीतरी थांबायला हवं होतं. त्या घरात 'कोणीतरी' म्हणजे कोण, हे मला पुढे लवकरच कळलं.

पहिल्या फेरीला लेक हौसेने मागे चढली. परतताना आई म्हणाली, "तू पुढे जा, ऊन लागेल." तेव्हापासून ती जागा आईची झाली. एक उपडा क्रेट, त्यावर घडी घातलेलं पोतं, पाठ केबिनला टेकलेली. बाबांनी हौद्यात रबराची जाड चादर अंथरली होती. पत्र्याला ओरखडे पडू नयेत म्हणून.

आईने स्वतःच एक भाषा तयार केली. पाठीमागच्या काचेवर बोटाने एकदा टकटक म्हणजे हळू घ्या. दोनदा म्हणजे थांबा. बाबा ऐकायचेही. "साहेबीणबाईंचा हुकूम आला," म्हणत गाडी हळू करायचे. आजोबा हसायचे, तीही काचेपलीकडून हसायची. सगळं इतकं अंगवळणी पडलं की कोणाला त्यात काही वावगं वाटेना. आठ वर्षांत तिला समोरून येणारा रस्ता कधी दिसला नाही. जे मागे पडत गेलं तेवढंच तिने पाहिलं.

मी कामचुकार नव्हते. टोमॅटो वाहिले, खत वाहिलं, आजारी वासरू डॉक्टरकडे नेलं, जळालेली मोटर दुरुस्तीला नेली. बाबांनीही मला जपलं. वेळेवर ऑइल, दर आठवड्याला धुणं. माझा जरा वेगळा आवाज आला की ते लगेच खाली वाकून बघायचे.

मग लेकीच्या पदवीदानाचा दिवस आला. कृषी शाखेत ती पहिल्या तिघांत आली होती. सगळे नवे कपडे घालून अंगणात उभे राहिले, तर हौद्यात साठ क्रेट रचलेले.

"बाबा, आज तरी?" लेक चिडली.

"मंडई रस्त्यातच आहे. जाता जाता टाकू. माल थांबणार आहे का तुझ्यासाठी?"

"मग आई, तू पुढे बस. मी बसते मागे."

"वेडी आहेस का? आज तुझा दिवस. कपडे चुरगळतील."

आई चढली. पण तिची नेहमीची जागा क्रेटांनी भरली होती. ती फाळक्यापाशी, अगदी शेवटच्या टोकाला बसली. तिच्यात आणि काचेत साठ क्रेटांची भिंत. हे मला दिसत होतं. गाडी असल्याने मला बोलता येत नव्हतं. माणसांना येत होतं.

पुलाअलीकडे रस्ता खणलेला होता. मागच्या चाकांच्याही मागे बसलेल्याला कसा हिसका बसतो, हे पुढच्या सीटवर कधीच कळत नाही. पहिल्या खड्ड्याला तिने समोरच्या क्रेटवर दोनदा बोट वाजवलं. टोमॅटो काय आवाज करणार? दुसऱ्या खड्ड्याला ती उडाली आणि पाठीवर आदळली. मग तिने माझ्या पत्र्यावर हात आपटायला सुरुवात केली. दोनदा. पुन्हा दोनदा. मी जमेल तितकी खडखडले. पण माझ्या खडखडीची सगळ्यांना सवय होती. आजोबांनी रेडिओ मोठा केला.

मंडईत फाळका उघडला तेव्हा ती साखळी धरून खाली बसली होती. चेहरा राखेसारखा.

"काय झालं गं?"

"पाठीत काहीतरी झालंय. तुम्ही आधी क्रेट उतरवून घ्या."

आणि बाबांनी खरंच पहिला क्रेट उचलला. सवयच तशी. तो हातात असतानाच त्यांना लेकीचा चेहरा दिसला. क्रेट त्यांच्या हातून गळून पडला. उरलेले लेकीने भराभर रस्त्यावर ढकलले आणि आईला हौद्यातच आडवं केलं. दवाखान्यापर्यंत तिचं डोकं लेकीच्या मांडीवर होतं. मणका दबला होता. तीन महिने ती अंथरुणावर होती. पदवीचा कागद पोस्टाने आला.

त्या तीन महिन्यांतल्या एका दुपारी बाबा माझ्या हौद्यात चढले आणि त्या उपड्या क्रेटवर बसले. लेकीला म्हणाले, "पुलापर्यंत चालव." तिने चालवली. खणलेल्या जागी बाबांनी काचेवर एकदा टकटक केलं. मग दोनदा. मग मुठीने. लेकीने वेग कमी केला नाही. अंगणात येऊनच ब्रेक दाबला.

"ऐकू नाही आलं का तुला?" बाबा कंबर धरून उतरले.

"आलं होतं. आई आठ वर्षं तिथं बसली, तुम्ही दहा मिनिटं बसलात."

बाबा हौद्याकडे वळले. तो क्रेट त्यांनी हौद्यातून खाली घेतला.

आई अंथरुणातून उठल्यावर ते मला घेऊन पुन्हा त्याच शोरूममध्ये आले. या वेळी क्रेट नव्हते, टेप नव्हता. कमरेला पट्टा बांधलेली आई होती. दोन रांगांच्या गाडीचं दार बाबांनी स्वतः उघडलं. ती जपून चढली, बसली, इकडेतिकडे हात फिरवला आणि विचारलं, "यात क्रेट किती बसतील?"

"ते नंतर बघू," बाबा म्हणाले. "पाठ नीट टेकतेय का, सांग आधी."

आजोबा मागच्या रांगेतच बसले. "सूनबाई, तू पुढे जा. खिडकीची सीट आता तुझी."

ते निघताना मी पाहिलं. फाटकाच्या उंचवट्यावर तिचा हात सवयीने मागे गेला, काच शोधत. बाबांनी गाडी थांबवली. "अगं, तोंडाने सांग की. शेजारीच तर बसलोय."

मी इथे राहिले. रागावलेली नाही. ज्याने निवडलं त्याने एकाच मापाने निवडलं, त्यात माझ्या लांब हौद्याचा काय दोष? पण उद्या माझ्यापुढे टेप घेऊन जो कोणी उभा राहील, त्याला माझं एकच मागणं आहे. आधी घरच्या सगळ्यांना घेऊन ये. सगळ्यांना. मग ठरव. आणि मी पुरी पडत नसेन तर खुशाल पाठ फिरव, मी इथेच गंजले तरी चालेल.

आज सकाळी मला विक्रीसाठी सजवायला रंगारी आला. हौद्यात चढून त्याने सगळीकडे हात फिरवला. केबिनच्या पाठीमागे, काचेखाली, एका माणसाच्या पाठीएवढ्या जागेत माझा रंग घासून पत्रा उघडा पडलाय. तिथे तो जरा थांबला. मग खाली उभ्या असलेल्या मालकाला ओरडून म्हणाला, "काही नाही साहेब, माल घासलाय नुसता. दोन हात मारतो, कोणाला कळणारही नाही."