बिनफडक्याचा पंप

लाल फडकं. तळाशी तांब्याभर पाणी. पाइपाची गळती. मासळीचा वास. सकाळच्या उन्हात मातीवर दिसणारी पांढरी साय. जिभेला लावली तर खारट.

मित्रांनो, या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. माझ्यामुळे तो जुळला.

मी पाठीवरचा फवारणी पंप आहे, आता जुना. पोट सोळा लिटरचं. न्हावऱ्याच्या सोपानराव आणि धुरपदाबाई या जोडप्याच्या गोठ्यात खुंटीला टांगलेला असतो. घरात पंप दोन. तणनाशकाच्या पंपाच्या दांड्याला लाल फडकं, मी बिनफडक्याचा. हा नियम धुरपदाबाईंचा. माझा आतला रबरी वायसर सुकू नये म्हणून त्या माझ्या तळाशी नेहमी थोडं स्वच्छ पाणी ठेवायच्या. इतकी माया मला कुणी लावली नाही.

त्यांचं खालचं रान वर्षानुवर्षं उसाला पाणी पाजून खारवलं होतं. रोप लावलं की करपायचं. सोपानरावांनी ठरवलं, मुरूम टाकायचा आणि जागा ट्रक उभे करायला द्यायची. धुरपदाबाई अडून बसल्या. त्यांनी समुद्रातल्या शेवाळाचा अर्क आणला. तो मातीतलं मीठ घालवत नाही, पण खारट मातीत मुळांना तग धरायला बळ देतो, असं त्यांनी शेतीशाळेत ऐकलं होतं.

सोपानरावांनी बाटली हुंगली. "कांद्याला मासळीचा रस्सा पाजतीस व्हय?"

"पाजते. तुमच्याकडं वाटी न्हाई मागत."

"बरं. तीन गुंठं कर. कांदा उभा ऱ्हायला तर रान तुझं. न्हाईतर मुरूम."

कडेचे दोन वाफे धुरपदाबाईंनी बिनअर्काचे ठेवले, ताडून बघायला. दोन फवारण्या झाल्या. त्यांच्या पाठीवर बसून मी पात गर्द होताना पाहिली.

मग त्यांचा मुलगा गोकुळ कंपनीतल्या दुसऱ्या पाळीआधी बांधावरचं गवत मारायला निघाला. तणनाशकाच्या पंपाचा पट्टा तुटला होता, म्हणून त्यानं मला घेतलं. औषध संपायच्या आत रांजणगावच्या कंपनीची बस आली. उरलेलं त्यानं माझ्या पोटातच ठेवलं, पण आठवणीनं त्या पंपाचं लाल फडकं सोडून माझ्या दांड्याला बांधलं. घरात मात्र तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सोपानराव गोठ्यात आले. कांद्याला पाणी देणाऱ्या पाइपाचा सांधा गळत होता. बायकोचं पाणी वाया जातंय म्हणून त्यांनी समोर दिसलं ते फडकं सोडलं आणि सांध्याला गुंडाळलं. मित्रांनो, ते त्यांनी तिच्यासाठीच केलं.

पुढच्या सकाळी धुरपदाबाईंनी तिसऱ्या फवारणीसाठी माझं झाकण उघडलं. आत नेहमीसारखं पाणी दिसलं. त्यांनी त्यावरच अर्क ओतला.

मी नोझल तुंबवलं. माझ्या हातात तेवढंच होतं. त्यांनी ते मायेनं फुंकून मोकळं केलं.

आठव्या दिवशी पात पिवळी पडली. पंधराव्या दिवशी सगळं रान लोळलं. कडेचे दोन वाफे तेवढे उभे होते, खुरटे पण जिवंत.

"समुद्राचं मीठ आणून घातलं बाईनं," शेजारचे पोपटराव हसले.

गोकुळ सुटीच्या दिवशी रानात आला. "आई, कंचा पंप घेतलावता?"

"आपला, बिनफडक्याचा."

"मी तर त्याला फडकं बांधलं व्हतं."

सोपानरावांची नजर पाइपाकडं गेली. ओलं लाल फडकं तिथं होतं. धुरपदाबाई खाली वाकून मेलेली पात गोळा करत होत्या.

"अर्कानंच जाळलं," सोपानराव म्हणाले.

"मग माझंच चुकलं," त्या म्हणाल्या.

सोपानराव पाइपाकडं पाठ करून उभे राहिले.

आता तिथं मुरूम आहे. ट्रक उभे असतात. माझ्या तळाशी कुणी पाणी ठेवत नाही, वायसर चिरला आहे.

मित्रांनो, आम्हाला धुवा. उरलेलं औषध आमच्या पोटात ठेवू नका. खूण बांधली तरी सांगा, सोडली तरी सांगा. आणि आपल्या हातून काय झालं ते कळलं, तर त्याच वेळी बोला. मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.

दुसऱ्या फवारणीनंतर धुरपदाबाईंनी दोन रोपं उपटून तळहातावर शेजारी ठेवली होती. बिनअर्काच्या रोपाची मुळं दोन बोटं लांब होती. अर्काच्या रोपाची चार.