रिकामी केलेली बशी

वैशाखातल्या दुपारी केरीच्या किनाऱ्यावरची वाळू इतकी पांढरी होते की नजर तिच्यावर ठरतच नाही. माझ्या आईचे थोरले भाऊ, बापूमामा, यांचा चेहरा तसाच होता. हर्ष, संताप, शोक, काहीही त्यावर उमटून टिकत नसे. आयुष्यभर मालवाहू बोटींवर राबून ते गावी परतले, ते भरती ओसरलेल्या खाडीसारखी एक निस्तब्धता घेऊनच.

गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, या आंदोलनाचे ते दिवस होते. रस्त्यांवर झाडे आडवी पडलेली, आणि एकाच अंगणात वाढलेली माणसे एकमेकांकडे परक्यासारखी पाहू लागलेली. मामांबरोबर म्हापशाहून परतताना हरमलच्या अलीकडे आमची बस अडवली गेली. एका तरुणाने मामांचा खांदा धरला.

"काका, तुमी कोणाचे? कोंकणीचे काय मराठीचे?"

मामा समोर पाहत राहिले. त्याने त्यांना गदागदा हलवले, त्यांचा चष्मा खाली पडला. तेव्हा त्याला हवे असलेले उत्तर मीच घाईने देऊन टाकले आणि आमची सुटका झाली.

मामा तिथेच उतरले. सुरूंच्या विरळ सावलीतून आम्ही केरीकडे चालू लागलो, आणि ज्या संथ स्वरात ते भरती-ओहोटीच्या वेळा सांगत, त्याच स्वरात ते सांगू लागले.

गोवा मुक्त झाला त्याच्या पुढच्या वर्षी त्यांची बोट अमेरिकेच्या दक्षिणेकडील एका बंदरात लागली होती. कापसाच्या गाठी चढवणारा एक काळा हमाल तिथे त्यांचा मित्र झाला. त्या शहरात गोऱ्यांच्या खानावळीत काळ्यांना वाढत नसत; म्हणून काळी तरुण मंडळी तिथे जाऊन मुकाट बसून राहत, मार खात, तुरुंगात जात. 'आज मीही बसणार,' असे म्हणत तो मामांबरोबर आत शिरला. मामांना विचारण्यात आले, तू कोण? 'इंडियन,' मामा म्हणाले. परदेशी पाहुणा म्हणून त्यांच्यापुढे जेवणाने भरलेली बशी आली. शेजारी बसलेल्या मित्रापुढे काहीच आले नाही. मग कोणीतरी त्याच्या मानेवर उकळती कॉफी ओतली. दोन्ही तळवे टेबलावर पसरून तो समोर पाहत राहिला, पोलिसांनी ओढून नेईपर्यंत.

"आनी तुमी?" मी विचारले.

"हांव जेवतच रवलों. भूक मेल्ली, तरी सगळें जेवलों."

त्यांचा स्वर कापला नाही. दुसऱ्या दिवशी बोट सुटली, मित्राचे पुढे काय झाले ते त्यांना कधीच कळले नाही. बसमधल्या माझ्या उत्तराबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. त्यांनी रागवावे असे मला फार वाटत होते.

"ताचें नांव कितें?" मी त्या मित्राबद्दल विचारले.

मामा थांबले. झाडांपलीकडे समुद्र चकाकत होता.

"कितलींशीं वर्सां रोज घेतालों तें नांव," ते म्हणाले. "आतां तोंडार येना."

पुढे गोवा वेगळे राज्य झाले, गावात फटाके वाजले, आणि काही वर्षांनी मामाही गेले. माझ्या मनात आता एक बिननावाची, भाजलेली मान उरली आहे, मी कधीही न पाहिलेली. काळ दुःखाची धार आधी नेतो आणि माणसाचे नाव मागाहून. मग उरते ती पोकळी इतकी शांत असते, की तिथे कोणाला हाक मारायची होती, हेही एके दिवशी आठवेनासे होते.