उजेडाला मारलेली गाठ

भाताच्या रोपांची जमीन भाजायच्या राबासाठी फांद्या तोडायला सूरज ऐनाच्या झाडावर चढला होता. कोयत्याचे दोन-चार घाव बसले आणि फांदीबरोबर एक काळी वायरही तुटली. सूरजने भीतभीत बोट लावून पाहिलं. करंट नव्हता. म्हणजे वायर आधीच मेलेली असणार, असा शास्त्रीय निष्कर्ष काढून त्याने दोन्ही टोकांची घट्ट गाठ मारली, कोयत्याच्या मुठीवरची लाल चिकटपट्टी थोडी सोडवून तिच्यावर गुंडाळली आणि समाधानाने खाली उतरला.

घरात थोरली बहीण रविना लॅपटॉपसमोर बसली होती. कल्याणच्या कंपनीची मुलाखत होती, कितीतरी अर्ज करून मिळालेली. पडद्यावर साहेब तोंड उघडं ठेवून गोठले होते.

"मधीच नेट गेला रे," ती म्हणाली. रडली नाही. रडली असती तर सूरजला जरा बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी शहापूरहून लाइन जोडणारा संदेश शिडी घेऊन आला. वर चढला आणि तिथूनच ओरडला, "ही गाठ कोणी मारली? आत केसाएवढी काच असते, तिच्यातून उजेड जातो. उजेडाला गाठ मारता व्हय?"

"माकडाचं काम," शेजारचे बारकूकाका खालून म्हणाले.

"चिकटपट्टी पण माकडाने लावली?"

"हल्लीची शिकलेली असतात."

कोणी हसलं नाही. माकड म्हणजे मारुतीच, म्हणून संध्याकाळी तर ऐनाखाली नारळ ठेवला गेला. साखरेचा प्रसाद सूरजच्याही हातावर पडला. त्याने तो हळूच खिशात टाकला.

लाइन सुरू झाली. रविनाने कंपनीला कळवलं, माकडाने वायर तोडली. उत्तर आलं: असली कारणं चालत नाहीत, खरं काय ते सांगा, नाहीतर अर्ज रद्द.

"आता माकड कुठून आणून दाखवू?" रविना म्हणाली.

"मी आणतो," म्हणत सूरज कोयता घेऊन आला. "लाव कॉल."

साहेब दिसताच त्याने कोयत्याची अर्धी उघडी पडलेली मूठ कॅमेऱ्यापुढे धरली. "साहेब, ते माकड मीच. ही बघा, राहिलेली पट्टी. तायची काय चूक नाय."

"आधी कोयता खाली ठेवा," साहेब हळूच म्हणाले. मग त्यांनी समोरचे कागद चाळले. "बरं. रविना, त्या दिवशीचाच प्रश्न. त्रासदायक माणसासमोर तुम्ही शांत कशा राहता?"

रविनाने पायाने कोयता आपल्याकडे ओढून घेतला. "घरीच सराव आहे, सर."

सूरज गपचूप बाहेर गेला आणि ऐनाखाली बसला. नारळ तसाच होता. वरच्या फांदीवरून एक खरंखुरं माकड त्याच्याकडे टक लावून बघत होतं.

सूरजने नारळ फोडला, दोन्ही वाट्या त्याच्या फांदीखाली ठेवल्या आणि मान खाली घातली.